तुटले, फुटले, मोडले की नुसतेच 'खराब' झाले?



या वेळचा शब्दांचा पाठ आमच्या घरात घडलेल्या एका घोटाळ्यातून निघाला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमचा धाकटा सायकलवरून पडला. मनगटाचे हाड मोडले. हाताला प्लॅस्टर घालून घरी येताच त्याने मोठ्या उत्साहाने सांगलीच्या आजीला फोन लावला आणि सांगितले, "आजी, माझा हात तुटला!"

पलीकडे आजी मटकन खालीच बसली. पाच मिनिटांत काकाचा फोन आला. "दादा, अरे, हात तुटला म्हणजे कुठून तुटला? ऑपरेशन कधी आहे? मी येऊ का?" त्या दिवशी आजीने जेवणाला हात लावला नाही. शेवटी रात्री व्हिडिओवर तिला नातवाची पाचही बोटे हलताना दाखवली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मुलाची तशी चूक नव्हती. शाळेत तो 'ब्रोकन' म्हणतो. हात ब्रोकन, कप ब्रोकन, खुर्ची ब्रोकन. त्याचे मराठी त्याने 'तुटला' असे केले. पण मराठीत हात 'मोडला' म्हणजे आतले हाड मोडले, आणि हात 'तुटला' म्हणजे तो अंगापासून वेगळा झाला!

मुलांनो, हसू नका. तुमचे आईबाबाही कमी नाहीत. आम्ही एकदा नवीन मिक्सर आणला. दुसऱ्याच दिवशी तो बंद पडला. दुकानात जाऊन आम्ही ठणकावून सांगितले, 'धिस मिक्सर इज स्पॉइल्ड.' आमच्या मनात होते 'खराब झाला आहे'. दुकानदाराला ऐकू आले ते असे, की आम्हीच काहीतरी करून तो बिघडवला. मिक्सर बदलून मिळाला नाही. घरी आल्यावर थोरली म्हणाली, "बाबा, 'डिफेक्टिव्ह' म्हणायचं होतं." तात्पर्य, मुले मराठीत जो गोंधळ करतात, तोच आम्ही मोठे इंग्रजीत करतो.

मराठी आधी वस्तू बघते

मराठीत वस्तू कशाची आणि कोणत्या आकाराची आहे, यावर क्रियापद ठरते.

तुटणे: लांब आणि ताणलेली वस्तू तुटते. दोरी, तार, साखळी, चपलेचा पट्टा. म्हणून नातेही तुटते आणि फोनवरचा संपर्कही तुटतो.

फुटणे: पोकळ किंवा ठिसूळ वस्तू फुटते. कप, माठ, अंडे, फुगा, पाण्याचा पाइप. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण 'फुटले' आणि शहरात पूर आला. ते धरण 'तुटले' असे तुमच्या आजीआजोबांपैकी कोणीही म्हणणार नाही. गुपितही फुटते, आणि परीक्षेचा पेपरही!

मोडणे: टणक, सरळ उभी किंवा लांब वस्तू मोडते. काठी, खुर्चीचा पाय, हाड. जमलेले लग्नही मोडते.

फाटणे आणि उसवणे: कापड आणि कागद फाटतो. पण कापड शाबूत असून नुसती शिवण सुटली, तर ते उसवले. हा फरक महत्त्वाचा आहे. उसवलेल्याला घरी चार टाके पुरतात, फाटलेल्याला रफू किंवा ठिगळ लागते.

झिजणे आणि विरणे: रोजच्या वापराने चपलेची टाच झिजते, जुनी सुती साडी विरते. इथे कोणाचाच दोष नसतो.

थोडेसेच बिघडले असेल, तर त्यालाही शब्द आहेत. भिंतीला तडा जातो, कपाचा टवका उडतो, गाडीच्या पत्र्याला पोचा येतो.

बिघडणे: हे यंत्रासाठी. पंखा बिघडतो, घड्याळ बिघडते. पोटही बिघडते आणि अति लाडाने मूलही बिघडते. गंमत म्हणजे लाडावलेल्या मुलाला इंग्रजीतही 'स्पॉइल्ड' म्हणतात. तेवढ्यापुरते दोन्ही भाषांचे एकमत आहे.

स्वयंपाकघरात तर प्रत्येकाला वेगळा शब्द

दूध नासते. आमटी आंबते. फळ सडते. धान्य किडते. खोबरे आणि शेंगदाणे खवट होतात. पावाला बुरशी येते. आणि आपल्या बहारीनमध्ये फार उपयोगी पडणारा शब्द म्हणजे सादळणे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत डबा उघडा राहिला, की पापड आणि चिवडा सादळतात. सादळलेला पापड खराब नसतो. पुन्हा भाजला की कुरकुरीत होतो. मुलांनी 'पापड खराब झाला' म्हटले, तर तो कचऱ्यात जातो. 'सादळला' म्हटले, तर तव्यावर जातो!

इंग्रजी काय बघते?

इंग्रजीलाही भेद कळतात, पण ती पुष्कळदा निराळा प्रश्न विचारते. नुकसान कोणाचे झाले, आणि कधी झाले?

माणूस किंवा प्राणी दुखावला तर 'इंजर्ड', वस्तूचे नुकसान झाले तर 'डॅमेज्ड'. अपघातात गाडी डॅमेज्ड होते आणि चालक इंजर्ड होतो. याच्या उलट बोलू नये. 'डॅमेज' हा शब्द लॅटिनमधल्या 'डॅम्नम' म्हणजे तोटा या शब्दापासून आला आहे. म्हणूनच कायद्याच्या भाषेत 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई.

वस्तू घडवतानाच दोष राहिला असेल तर 'डिफेक्टिव्ह'. चांगली घडलेली वस्तू नंतर आपटली, चेपली, तर 'डॅमेज्ड'. आमचा मिक्सर पहिल्या प्रकारातला होता. लिफ्ट बंद असेल तर 'आउट ऑफ ऑर्डर'. 'स्पॉइल्ड' हा शब्द मुख्यतः अन्नाला, लाडावलेल्या मुलांना आणि पावसाने वाया गेलेल्या सहलीला ठेवावा.

'इम्पेअर्ड' म्हणजे शक्ती कमी झालेली. नजर, ऐकू येणे, स्मरण यांच्यासाठी तो वापरतात. या शब्दाच्या मुळाशी 'अधिक वाईट होणे' असा अर्थ आहे. मराठीत आपण साधे 'त्यांना कमी ऐकू येते' किंवा 'त्यांची दृष्टी अधू आहे' म्हणावे. वस्तूंचे शब्द माणसांना लावू नयेत, एवढे मात्र दोन्ही भाषांत पाळावे.

इथलीच एक जुनी तक्रार

दोष आणि नुकसान यांतला फरक किती जुना आहे, याचे एक उदाहरण आपल्या या बेटाशी निगडित आहे. प्राचीन काळी बहारीन हे दिलमुन नावाच्या व्यापारी प्रदेशाचे केंद्र होते. तांबे, मोती आणि सिंधू खोऱ्यातला माल येथून इराककडे जाई. तिथल्या उर शहरातला एआ-नासिर नावाचा व्यापारी दिलमुनहून तांबे नेऊन विकत असे. इ.स.पू. १७५० च्या सुमारास नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला मातीच्या पाटीवर तक्रार लिहून पाठवली. कबूल केले होते उत्तम तांबे, आणि आमच्या माणसापुढे ठेवले वाईट, अशी ती तक्रार. ही पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता सांगा, ते तांबे तुटले होते का? फुटले होते? गंजले होते? नाही. त्याला मराठीत खास शब्द आहे, हिणकस. ज्या धातूत भेसळ किंवा कमअस्सलपणा आहे, तो हिणकस. नान्नीने नेमकी तक्रार लिहिली, म्हणून पावणेचार हजार वर्षांनीही त्याचे म्हणणे आपल्याला कळते. आमच्या मिक्सरची तक्रार एका दिवसातही कळली नाही.

आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅमचे काम करतो. तिथेही हेच. लोक कळवतात, 'प्रोग्रॅम खराब आहे.' यावरून आम्हांला काहीच करता येत नाही. सुरूच होत नाही, मध्येच बंद पडतो, अडकून बसतो, की चुकीचे उत्तर देतो? एवढे सांगितले, की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

आणि काही वेळा मुद्दाम न बोलायचे

आजीच्या हातातली बांगडी फुटली, तर ती 'फुटली' म्हणत नाही. 'बांगडी वाढवली' म्हणते. मंगळसूत्र तुटले तर 'वाढले'. देवापुढे नारळही 'वाढवतात'. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून उलट शब्द वापरायचा, अशी ही रीत. तेव्हा आजी फोनवर म्हणाली, "अगं, माझी बांगडी वाढली," तर 'किती झाल्या?' असे विचारू नका!

गृहपाठ

कंसातला योग्य शब्द निवडा. पालकांनीही सोडवावा. उत्तरे पुढच्या वर्गात तपासू.

१. पतंगाचा मांजा ______. (फुटला / तुटला / मोडला)
२. बाबांच्या शर्टाची शिवण ______. (उसवली / फुटली / सडली)
३. फ्रिजबाहेर राहिलेले दूध ______. (किडले / नासले / सादळले)
४. टेबलाचा पाय ______. (मोडला / फाटला / आंबला)
५. समुद्राच्या खाऱ्या हवेने सायकलची साखळी ______. (विरली / गंजली / नासली)
६. पालकांसाठी: नवीन फोन खोक्यातून काढला, तो सुरूच होत नाही. दुकानात काय म्हणाल? (स्पॉइल्ड / डॅमेज्ड / डिफेक्टिव्ह)

याखेरीज प्रत्येकाने या आठवड्यात घरातल्या दुरुस्तीला आलेल्या पाच वस्तू शोधाव्यात. प्रत्येकीला नेमके काय झाले आहे ते एकेका वाक्यात लिहावे. 'खराब' हा शब्द वापरायचा नाही!

जाता जाता, प्लॅस्टर निघाले तेव्हा धाकट्याने पुन्हा सांगलीला फोन केला. या वेळी आधी आम्हांला शब्द विचारून घेतला होता. म्हणाला, "आजी, माझं हाड सांधलं." आजी म्हणाली, "देव पावला रे बाबा! आता पुन्हा पडलास, तर फोन आधी आईकडे दे."