वजन उतरवायचे तर आधी आकडा लहान करा

नवीन वर्ष लागले किंवा घरात लग्न निघाले की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "या वेळी पंधरा किलो कमी करणारच!" मग आठ दिवस सकाळी कोमट पाणी, रात्रीचे जेवण बंद, चहा बंद. नवव्या दिवशी शेजारी बारसे असते, बिर्याणीचे ताट येते, आणि दहाव्या दिवशी "आपल्याच्याने होत नाही" म्हणून सगळेच सुटते. वाचक बंधू-भगिनींनो, अशा वेळी लोक त्या ताईला आळशी म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. तिने धरलेला आकडाच पेलणारा नव्हता.

एक उदाहरण घेऊ. एक ताई आहेत, वय ४२, उंची पाच फूट, वजन ७८ किलो. गुडघे दुखतात, बीपी थोडा वर असतो. तक्त्याप्रमाणे या उंचीला वजन ५३ किलोच्या आसपास हवे. म्हणजे २५ किलो उतरवायचे! हे ऐकूनच माणूस खचतो. पण डॉक्टरांचा अनुभव असा की सध्याच्या वजनाच्या ५ टक्के जरी कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडू लागतो. या ताईंसाठी ५ टक्के म्हणजे चार किलो. गुडघ्यांचे गणित तर आणखी सोपे. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. म्हणून पहिला आकडा चार किलो, आणि मुदत तीन महिने. आपल्याकडे वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते, मुदत मोजायला तो काळ सोयीचा आहे. चार किलो उतरून टिकले की पुढच्या चारचे बघता येईल.

आता हे चार किलो कुठून जाणार? अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे तर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी पडल्या पाहिजेत. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल जात असेल, तर ते दोन लिटरवर आणल्याने माणशी रोजच्या १३० च्या आसपास कॅलरी वाचतात, शिवाय पैसे वाचतात ते वेगळे. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर एकच चमचा घातल्याने ८० वाचतात. जेवणात एक चपाती कमी आणि तिच्या जागी वाटीभर भाजी, यात पन्नासेक. रोजचा वडापाव आठवड्यातून दोनदाच खाल्ला तर सरासरी रोजचे २०० वाचले. झाले की साडेचारशेच्या वर! हे सगळे एकाच सोमवारी सुरू करू नये. पहिले पंधरा दिवस फक्त तेल. ते अंगवळणी पडले की साखर. चार किलोला तीन महिने दिलेत, ते यासाठीच.

रविवारचे मटण सोडा असे आम्ही म्हणणार नाही. दोन फोडी घ्या, वरची तर्री कमी घ्या, भाताचा डोंगर निम्मा करा. अंडी, सुकट, डाळ, मोड आलेली मटकी यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, त्यांत कपात नको. बीपी असेल तर सुकट धुऊन घ्यावी, तिच्यात मीठ फार असते.

"कमी खाणार" हे ध्येय होत नाही, कारण संध्याकाळी ते पाळले की मोडले हे सांगता येत नाही. "या आठवड्यात पाच दिवस, रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे, गल्लीच्या टोकापासून मैदानापर्यंत चालणार" हे मोजता येते. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. पाचपैकी तीन खुणा झाल्या तरी आठवडा वाया गेला असे मानू नये. पुढच्या आठवड्याचे ध्येय चार ठेवावे. पाच गाठता येत नसतील तर ध्येय खाली आणण्यात लाज कसली?

घरकामाला जाणाऱ्या ताई विचारतात, "आम्ही दिवसभर राबतो, मग वजन का उतरत नाही?" प्रश्न रास्त आहे. रोजच्या कामाची शरीराला सवय झालेली असते, आणि त्या कामाच्या अधेमध्ये प्रत्येक घरचा चहा, खारी, बिस्किटे पोटात जातात. रात्री मुलांच्या ताटातले उरलेलेही आईच संपवते. आपल्या आजी-आजोबांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यामुळे अन्न टाकायला आपला हात धजत नाही, आणि जाड माणूस अजूनही खात्यापित्या घरचा वाटतो. ही भावना आम्ही चुकीची ठरवणार नाही. मुलांना आधी कमी वाढावे, लागले तर पुन्हा द्यावे, म्हणजे टाकायची वेळ येत नाही.

हळूहळू कमी करण्याची एक जुनी गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाई आणि जेवल्यावर धापा टाकी. भगवान बुद्धांनी त्याला उपवास सांगितला नाही. जेवणाचे माप ओळखणाऱ्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला नेमले. अट्ठकथेत आणखी तपशील येतो : शेवटचा घास राजाने बाजूला ठेवायचा, त्यातली शिते मोजायची, आणि दुसऱ्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. एका घासाएवढीच कपात! असे करत राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. आपल्या घरातही असा एक सुदर्शन असावा. मुलगी, सून, शेजारीण, कुणीही. मात्र त्याने आठवण करावी, चिडवू नये. "जाडे, बस कर" असे म्हटल्याने माणूस लपून खायला लागतो.

वजन रोज करू नये. मीठ, पाणी, मासिक पाळी यांमुळे ते एक-दोन किलो इकडेतिकडे होतच असते. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी करावे. पहिल्या आठवड्यात उतरते ते बरेचसे पाणी असते, त्यामुळे पुढे वेग मंदावला तर घाबरू नये. दोन-तीन आठवडे काटा अजिबात हलत नाही असेही होते. तेव्हा शिवणकामाच्या टेपने बेंबीजवळ कमर मोजावी. बाईची कमर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असणे चांगले. काटा थांबला असताना कमर एक सेंटिमीटरने उतरली असेल तर काम चालू आहे.

याच काळात कुणीतरी डबा घेऊन दारात येतो : महिन्याला इतके हजार भरा, दहा किलो उतरतील, आणखी दोघींना जोडा म्हणजे कमाईही होईल. बचतगटातून कर्ज काढून अशी पावडर घेऊ नका. ती घेताना वजन उतरते ते जेवण बंद असते म्हणून, आणि पैसे संपले की परत येते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, सुरुवात तिथूनच करावी. आणि काहीही न करता वजन घटत असेल, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर खूश न होता लगेच थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधेही तिथे मोफत आहेत.