संवर्धित त्वचा आणि दात्याची त्वचा

मनुष्याची त्वचा मुख्यतः दोन थरांची बनलेली असते. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा व तिच्याखालील जाड, चिवट थर म्हणजे अंतस्त्वचा. भाजल्याची जखम उथळ असेल, तर केसांच्या मुळांशी व घर्मग्रंथींत शिल्लक राहिलेल्या पेशींपासून बाह्यत्वचा पुन्हा तयार होते. दोन्ही थर जळून गेल्यास मात्र जखम केवळ कडांकडून भरू शकते. जखम विस्तृत असेल तर तेवढ्याने भागत नाही. उघड्या पृष्ठभागातून द्रव झिरपत राहतो, जंतूंचा शिरकाव होतो आणि रोग्याचे प्राण संकटात येतात. म्हणून शरीराच्या न भाजलेल्या भागावरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढून तो जखमेवर बसवितात. परंतु बहुतेक सर्व शरीरच भाजले असेल, तर ही त्वचा आणावयाची कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर १९७५ साली जेम्स राइनवॉल्ड व हॉवर्ड ग्रीन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या संशोधनातून मिळाले. किरणांचा मारा करून ज्यांची विभाजनक्षमता नष्ट केली आहे अशा उंदराच्या पेशींच्या थरावर मानवी बाह्यत्वचेच्या पेशी झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. या रीतीने दोन-तीन चौरस सेंटिमीटर त्वचेपासून तीन-चार आठवड्यांत सुमारे एक चौरस मीटर आवरण तयार करता येते. १९८३ साली अमेरिकेत अतिशय भाजलेल्या दोन लहान भावांवर असे आवरण बसविण्यात आले व ते दोघेही वाचले.

तथापि या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. संवर्धित आवरण केवळ बाह्यत्वचेचे असते. त्यात अंतस्त्वचा नसल्यामुळे ते नाजूक असते व सहज फाटते. शिवाय ते तयार होईपर्यंतचे आठवडे रोग्याला जगवावे लागते.

येथे मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. अशा पेढ्यांसाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील त्वचेचा केवळ वरचा पातळ पापुद्रा काढून घेतात. त्यामुळे मृतदेह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ही त्वचा अनेक वर्षे टिकते आणि ती वापरताना रक्तगट जुळविण्याची आवश्यकता नसते. ती कायमची रुजत नाही; काही आठवड्यांनी गळून पडते. पण तोपर्यंत ती जखम झाकते, वेदना कमी करते व द्रवाचा ऱ्हास थांबविते.

दोन्ही उपायांची सांगड १९८६ साली चार्ल्स कुओनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दाखविली. दात्याच्या त्वचेतील बाह्यत्वचा शरीर नाकारते, परंतु अंतस्त्वचेला तेवढा विरोध करीत नाही. म्हणून त्यांनी वरचा थर खरवडून काढला, खालची अंतस्त्वचा जागीच राहू दिली आणि तिच्यावर रोग्याच्याच पेशींपासून वाढविलेले आवरण बसविले. तात्पर्य, प्रयोगशाळेने कितीही प्रगती केली, तरी दात्याच्या त्वचेचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही.