नोझल सारखं खटकन का बंद होतं?

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. पेट्रोल भरताना नोझल सारखं बंद होतं. पंपावरचा पोरगा वैतागतो. काय करावं?
– एक वाचक, अंथुर्णे

उत्तर : इतर गाड्या त्याच नोझलवर सुरळीत भरत असतील, तर दोष तुमच्या गाडीत आहे. पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा बाहेर पडावी लागते. ती वाट तुंबली की पेट्रोल नळीत वर चढतं, नोझलच्या टोकाचं बारीक छिद्र झाकतं आणि नोझल बंद पडतं. उसाच्या रस्त्यांवरची धूळ किंवा उभ्या गाडीत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर, एवढंही पुरतं. मेकॅनिककडून हवेची नळी आणि पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर तपासून घ्या. आधीचे मालक टाकी गळ्यापर्यंत भरत असतील (हौस असते काहींना!), तर कॅनिस्टर भिजून निकामी झालेला असू शकतो. तोवर नोझल थोडं बाहेर ओढून सावकाश भरायला सांगा.