गुटख्याची बंदी आणि घरांतला धूर



परळी वैजनाथच्या आसपासच्या खेड्यांत एक प्रश्न वारंवार कानीं येतो: "गुटखा बंद केला तर माणसें विडीकडे वळतील, आणि तिचा धूर बायकामुलांच्या नाकांत जाईल. मग बंदीनें काय साधलें?" प्रश्न पोकळ नाहीं, म्हणून त्याचा नीट विचार करूं.

गुटखा, तंबाखू व मिश्री यांचा धूर होत नाहीं. त्यांचें विष मुख्यत्वें सेवन करणाराच्याच अंगीं भिनतें व तोंडाचा कर्करोग उत्पन्न करितें. गरोदर स्त्रीच्या पोटांतील बाळालाहि तें बाधतें. विडीची गोष्ट निराळी. तिच्या धुरानें न ओढणारालाहि हृदयविकार व फुप्फुसाचा कर्करोग जडूं शकतो, आणि लेंकरांना दमा, न्युमोनिया व कानाचे विकार होतात. खिडकी उघडल्यानें हें संकट टळत नाहीं.

आतां कायदा पाहूं. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०१२ मध्यें गुटखा व पानमसाला यांच्या विक्रीस बंदी केली. सार्वजनिक जागीं धूम्रपानास २००३ च्या कायद्यानें मनाई केली असून, त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. परळीच्या स्टेशनावर विडी पेटविणारास २०० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

बंदीपूर्वीं २००९-१० सालीं व नंतर २०१६-१७ सालीं देशभर प्रौढांची पाहणी झाली. तेवढ्या काळांत महाराष्ट्रांत धूररहित तंबाखू सेवन करणारे शेंकडा २७.६ वरून २४.४ वर आले, आणि धूम्रपान करणारेहि ६.६ वरून ३.८ वर उतरले. घरांत दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ साऱ्या भारतांत शेंकडा ५२.३ होते, ते ३८.७ झाले. यावरून लोक घाऊक विडीकडे वळले, असें दिसत नाहीं. तथापि हें सारें बंदीनेंच घडलें, असेंहि म्हणतां येत नाहीं; इतर कायदे व लोकशिक्षण यांचाहि त्यांत वांटा असूं शकेल.

पण शेंकडा ३८.७ हा आंकडा लहान आहे काय? कायदा स्टेशनाच्या फलाटापर्यंत येतो. घराच्या उंबरठ्याच्या आंत येत नाहीं. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाची कोपी आठवा. त्या टीचभर जागेंत बाप विडी ओढूं लागला, तर निजलेल्या तान्ह्या लेंकरानें जावें कोठें? तेथें शिपाई येणार नाहीं. तेथील नियम घरच्या माणसांनींच केला पाहिजे.

म्हणून ज्यानें गुटखा सोडला, त्यानें त्याच्या जागीं विडी घेऊं नये. व्यसन बदलणें म्हणजे व्यसन सोडणें नव्हे. मदत पाहिजे असल्यास सरकारच्या १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर विचारावें.

विचारासाठीं प्रश्न:
१. आपल्या घरीं कोणाच्या विडीचा धूर कोण सोसतो?
२. पाहुण्यानें घरांत विडी पेटविली, तर त्यास आदरानें कसें सांगावें?
३. आपल्या सभेच्या आवारांत हा नियम पाळला जातो काय?