घशाला अचानक येणारी सूज

विद्यार्थी मित्रांनो, सहलीचे दिवस जवळ आले आहेत. म्हणून या अंकातला धडा विज्ञानाचा आहे, पण सुरुवात गणिताने करू. लहान मुलाच्या श्वासनलिकेतली अरुंद जागा ४ मि.मी. व्यासाची धरा आणि मोठ्या माणसाची ८ मि.मी. आतल्या अस्तराला चहूबाजूंनी १ मि.मी. सूज आली. मोठ्या माणसाचा व्यास ६ उरला, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहून थोडे जास्त. मुलाचा व्यास २ उरला, म्हणजे क्षेत्रफळ फक्त एक चतुर्थांश. आठवीच्या मुलांनी हे वहीत करून पाहावे. सूज तेवढीच, पण लहानग्याची तीन हिस्से वाट बंद!

अशी सूज बहुधा अ‍ॅलर्जीने येते. शेंगदाणे, काजू, दूध, अंडे, कोळंबी, मधमाशीचा दंश, पेनिसिलिनसारखे औषध यांपैकी काहीही कारण होऊ शकते. शरीर त्या पदार्थाला शत्रू समजते, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि अस्तर फुगते. १९०२ मध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिले की पहिल्या खेपेला सोसलेले विष काही आठवड्यांनी अगदी थोडे दिले तरी प्राण घेते. त्यांनी याला अ‍ॅनाफिलॅक्सिस नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. तेव्हा "मागे खाल्ले होते, काही झाले नाही" हा भरवसा खरा नव्हे.

आपल्या घरांत तर दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत, कुठेही असते आणि दिसत नाही. मधल्या सुटीत डबा वाटून खाणे चांगलेच, पण ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने आधी विचारावे.

ओळखायचे कसे? ओठ-जीभ सुजते, टाळूला खाज येते, आवाज घोगरा होतो, थुंकी गिळवत नाही, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. उलटी किंवा चक्करही येते. अंगावर पित्त उठते, पण प्रत्येक वेळी उठतेच असे नाही. नुसते पित्त असेल तर आजी आमसुलाचे पाणी लावते, ते ठीक. मात्र आवाज बदलला की आमसूल बाजूला ठेवा.

यावर पहिले औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येते. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, घसा उघडत नाही. गोळी देऊन "बघू या" म्हणण्यातच वेळ जातो. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्या. दारात पोचताच सरळ हिंदीत सांगा, "एलर्जी है, गला सूज रहा है, साँस नहीं आ रही", म्हणजे कागद भरण्याआधी डॉक्टर धावतील. धाप लागली असेल तर बसू द्या, चक्कर असेल तर आडवे करून पाय उंच ठेवा. चालवत नेऊ नका. पाणी पाजू नका, घशात चमचा घालून पाहू नका.

विश्वस्त मंडळातील ज्येष्ठांसाठीही एक गोष्ट. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी कधी कधी अशीच सूज येते, खाज किंवा पित्त न उठता, अगदी वर्षानुवर्षे गोळी घेतल्यावरही. त्यावर अ‍ॅड्रेनॅलिनचा तेवढा उपयोग होत नाही. थेट रुग्णालय गाठावे आणि गोळीचे पाकीट बरोबर न्यावे.

इंजेक्शनने बरे वाटले तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच थांबावे. पालकांना विनंती, सहलीच्या संमतिपत्रात अ‍ॅलर्जीचा रकाना आहे. पुष्कळ जण तो रिकामा सोडतात. काही नसेल तर "नाही" असे लिहा. असेल तर पदार्थाचे नाव, मागे काय झाले होते ते आणि डॉक्टरांनी दिलेली लेखी सूचना जोडून वर्गशिक्षकांच्या हाती द्या.