खोडदच्या माळावरून विश्वाच्या स्पंदनांचा वेध

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाहून पूर्वेकडे वळले म्हणजे शेतमळ्यांच्या पलीकडे जाळीच्या अजस्र तबकड्या दिसू लागतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ही रेडिओ दुर्बीण ‘जी.एम.आर.टी.’ या नावाने जगभर ओळखली जाते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या असून त्या सर्व मिळून एकाच दुर्बिणीचे कार्य करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. जड पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांच्या आधारावर पोलादी तारांची विरळ जाळी बसविल्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही पुष्कळ कमी होतो.

दि. २९ जून २०२३ रोजी जगातील निरनिराळ्या शास्त्रज्ञगटांनी एक महत्त्वाची घोषणा केली. अतिमंद गतीच्या गुरुत्वीय लहरींनी अवघे विश्व सतत हेलावत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला होता. युरोपीय गटाबरोबर या शोधात सहभागी झालेल्या भारतीय व जपानी शास्त्रज्ञांची निरीक्षणे खोडद येथूनच झाली होती.

आकाशातील घड्याळे

गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये केले. अवजड वस्तू परस्परांभोवती फिरू लागल्या म्हणजे अवकाशच आकुंचन-प्रसरण पावते आणि ही कंपने दूरवर पसरतात. अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेने २०१५ मध्ये अशा लहरी प्रथम प्रत्यक्ष टिपल्या. मात्र त्या एका सेकंदात अनेक वेळा कंप पावणाऱ्या होत्या. ज्या लहरीच्या एका कंपनास कित्येक वर्षे लागतात, ती मोजण्यास पृथ्वीवरील कोणतेही उपकरण अपुरेच पडणार.

येथे निसर्गच साहाय्यास आला. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना ‘पल्सार’ अर्थात स्पंदक तारे आढळले. स्वतःभोवती फिरताना हे तारे दीपगृहाप्रमाणे रेडिओ किरणांचे झोत फेकतात. १९८२ मध्ये सेकंदाला सुमारे ६४२ फेरे घेणारा पल्सार सापडला. त्या शोधात कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचा वाटा होता. अशा शीघ्रगती ताऱ्यांची स्पंदने इतकी नियमित असतात की, त्यांचा उपयोग घड्याळाप्रमाणे करता येतो.

तळ्यात ठिकठिकाणी तरंगणारी बुचे पाहून पाण्यावरील लाट ओळखता येते, तसाच हा प्रकार आहे. गुरुत्वीय लहर जाताना काही ताऱ्यांची स्पंदने किंचित लवकर, तर काहींची किंचित उशिरा पोहोचतात. हा फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असतो. दोन ताऱ्यांमधील कोनानुसार त्यांच्या फरकांत विशिष्ट संबंध आढळला पाहिजे, असे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते. नेमक्या त्याच संबंधाची खूण आता दिसली आहे. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या हे या लहरींचे संभाव्य उगमस्थान मानले जाते.

खोडदचा वाटा

ताऱ्यांमधील पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. त्यांच्यामुळे रेडिओ लहरी रेंगाळतात. कंप्रता जितकी कमी, तितका विलंब अधिक. हा विलंब अचूक वजा केल्यावाचून गुरुत्वीय लहरीची खूण हाती लागत नाही. नूतनीकरणानंतर जी.एम.आर.टी.च्या तबकड्यांचे गट करून ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांत एकाच वेळी निरीक्षण करता येते. कमी कंप्रतेच्या या नोंदींमुळे विलंबाचे मोजमाप अधिक काटेकोर झाले.

तथापि हा निष्कर्ष अद्याप अंतिम नव्हे. २०२३ च्या युरोपीय-भारतीय विश्लेषणात ही खूण केवळ योगायोगाने उमटण्याची शक्यता सुमारे हजारात एक इतकी होती. शोध निर्विवाद मानण्यासाठी ती सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी अल्प असावी, असा शास्त्रज्ञांचा दंडक आहे. त्यासाठी आणखी काही वर्षे अखंड निरीक्षणे करावी लागतील.

शांततेची आवश्यकता

या कार्याला रेडिओ-शांतता हवी. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. भ्रमणध्वनी, विजेच्या तारांवरील ठिणग्या किंवा सदोष विद्युत उपकरणे यांच्या गोंगाटात ते सहज बुडून जातात. पुणे-नाशिक रेल्वेच्या नारायणगावजवळून जाणाऱ्या नियोजित मार्गाचा याच कारणास्तव २०२५ मध्ये फेरविचार करावा लागला. रेल्वे, उद्योग आणि दळणवळण ही या भागातील जनतेची रास्त गरज आहे. आणि दुर्बीण उचलून अन्यत्र नेता येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच कोणतीही योजना आखताना आरंभापासूनच शास्त्रज्ञांचा सल्ला घेणे दोघांच्याही हिताचे ठरेल. परिसरातील ग्रामस्थांनी आजवर दिलेले सहकार्य यापुढेही लाभले, तर या अपुऱ्या पुराव्याची पूर्तता करण्यात खोडदच्या माळाचा मोठा वाटा राहील.