ठेव आणि ठेवीचा धनी

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील १२ व्या श्लोकात भगवंतांनी एक कठोर शब्द योजिला आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला ते ‘स्तेन’ म्हणतात. स्तेन म्हणजे चोर. भाषांतर करताना या शब्दापाशी माझी लेखणी पुष्कळदा थबकली. लोभी म्हणावे, कृपण म्हणावे, असे वाटे. कारण ज्याने कोणाचे घर फोडले नाही, जे मिळविले ते कष्टाने मिळविले, त्या गृहस्थाला चोर कसे म्हणावे? परंतु मूळ शब्द सौम्य करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. परक्याचे आपले म्हणून वापरणारा तो चोर. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, आपल्या घरात जे आहे ते मुळात कोणाचे?

पाऊस आपण पाडला नाही, बीजातील अंकुर आपण घडविला नाही. ज्या बुद्धीच्या बळावर वेतन मिळते तीही आपण विकत आणलेली नाही. हे सारे ठेवीदाखल आलेले आहे. आणि ठेवीविषयी आपले धर्मशास्त्र किती सूक्ष्म आहे पाहा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाप्रमाणे, परत मागण्यापूर्वी ठेव राजाने नेली, दैवयोगाने नष्ट झाली किंवा चोरांनी लुटली, तर राखणाऱ्यावर भरपाईचा भार नाही. पण धन्याच्या संमतीवाचून त्याने ती स्वतःसाठी वापरली, तर तो दंडास पात्र होतो, शिवाय ती व्याजासह परत करणे त्याला भाग असते.

हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना अनेकवार शिकविले होते. तरीही, थोरले बंधू निवर्तल्यावर वहिनींनी पुतण्याच्या शिक्षणाकरिता जी रक्कम माझ्या हाती सोपविली, तिच्यातूनच एका वर्षी पावसाळ्यापूर्वी मी घराचे वासे बदलले, कौले शाकारून घेतली. ‘घर सर्वांचेच आहे, दिवाळीला भरून टाकू’, अशी मनाची समजूत घातली. दोन दिवाळ्या गेल्या. वहिनींनी एकदाही विचारले नाही, आणि ते न विचारणेच मला जड होऊ लागले. अखेरीस वही पुढे ठेवून सर्व सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, वापरलेत याचे काही नाही, सांगितले नाहीत, याचे वाईट वाटते.”

वाल्मीकिरामायणातील भरताचा प्रसंग मला त्यानंतर खरा कळला. चौदा वर्षे नंदिग्रामी राहून, पादुकांना पुढे ठेवून त्याने राज्य चालविले. युद्धकांडाच्या अखेरीस श्रीराम परतताच तो राज्याला ‘न्यास’ म्हणजे ठेव म्हणतो, ते त्यांच्या स्वाधीन करतो आणि कोश, कोठारे, सैन्य पाहून घेण्यास विनवितो. हे सर्व दसपट झाले आहे, असे सांगतो, आणि त्याचे श्रेय रामाच्या तेजाला देतो. ‘सर्व ईश्वराचे’ म्हणून शेत पडीक टाकणारे, मुलाबाळांची हेळसांड करणारे साधक मी पाहिले आहेत. भरत स्वतः जटा-वल्कले धारण करून राहिला, पण कोठारे त्याने रिकामी पडू दिली नाहीत.

विश्वस्त या कल्पनेचा अर्थ आपल्याला गीतेच्या प्रकाशात अधिक स्पष्ट झाला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्याच विचारातून दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी आपला विमा सोडून दिला. एवढे धैर्य मजपाशी नाही, आणि गृहस्थाने ते करावे असेही मी म्हणणार नाही. लेकरांची तरतूद करणे हीदेखील धन्याने सांगितलेलीच राखण आहे. मात्र त्या तरतुदीचा हिशेब उघडा असावा.

वहिनींची रक्कम मी स्मृतीत सांगितल्याप्रमाणे व्याजासह भरली. पुतण्या आता पंधरा वर्षांचा आहे. दर अमावास्येला देवघरासमोर बसून ती वही मी त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घेतो. गेल्या खेपेस त्याने व्याजाच्या आकड्यात माझी चूक काढली. सव्वाशे रुपये मी कमी धरले होते.